कोर्टाने सोडलं, मग बंदी कशी?

२०१६ आणि २०१७ अशी दोन वर्षं पुण्याचा एक संघ आयपीएलमध्ये खेळला, रायझिंग पुणे सुपरजायंट्स. गहुंजेला मॅच बघायला जाताना ट्रॅफिकमध्ये घामाघूम झालेले आपण सगळे एक गोष्ट सोयीस्करपणे विसरतो. हा संघ आपल्याला मिळाला तो एका घोटाळ्याच्या कृपेने. २०१३ च्या सट्टेबाजी प्रकरणात लोढा समितीने जुलै २०१५ मध्ये चेन्नई सुपर किंग्ज आणि राजस्थान रॉयल्स या संघांना दोन वर्षं घरी बसवलं. त्या रिकाम्या जागांवर पुणे आणि राजकोट आले. शिक्षा संपल्यावर ते दोघे परतले आणि आपलं दुकान बंद झालं.

२०१७ मध्ये पुण्याचा कर्णधार होता स्टीव्ह स्मिथ, आणि साडेचौदा कोटी मोजून घेतलेला हुकमी एक्का होता बेन स्टोक्स. अंतिम सामना आपण एका धावेने हरलो. त्यानंतर वर्षभराच्या आत हे दोघेही जगभर बदनाम झाले, पण फार वेगवेगळ्या तऱ्हेने. सप्टेंबर २०१७ मध्ये ब्रिस्टलच्या एका नाइटक्लबबाहेर पहाटे मारामारी झाली आणि स्टोक्सवर फौजदारी खटला उभा राहिला. ऑगस्ट २०१८ मध्ये ज्यूरीने त्याला निर्दोष ठरवलं. तरीही त्याच वर्षी डिसेंबरमध्ये इंग्लंडच्या क्रिकेट शिस्त समितीने त्याला ३० हजार पौंडांचा दंड आणि आठ सामन्यांची बंदी दिली. हे सामने तो आधीच मुकला होता, ते शिक्षेत धरले गेले, हा भाग वेगळा. स्मिथला मात्र कुठल्याही देशाच्या पोलिसांनी साधं चौकशीलाही बोलावलं नाही. मार्च २०१८ मध्ये केपटाउनला त्याच्या ऑस्ट्रेलियाच्या संघाने सँडपेपरने चेंडू घासला, कर्णधार म्हणून त्याला ते आधी कळलं होतं आणि त्याने थांबवलं नाही. आयसीसीने एका कसोटीची बंदी घातली, पण त्याच्याच देशाच्या बोर्डाने त्याला वर्षभर बाहेर ठेवलं.

म्हणजे एकाला कोर्टाने सोडलं तरी शिक्षा झाली, आणि दुसऱ्याने गुन्हाच केलेला नसताना वर्ष गेलं. आता यात फिक्सिंगचा आरोप झालेला गोलंदाज श्रीशांत घाला. अटक झाली, तिहारमध्ये राहिला, कोर्टातून सुटला, आणि तरी बंदी कायम राहिली. कट्ट्यावर हमखास येणारा प्रश्न इथूनच सुरू होतो: कोर्टाने सोडलं ना? मग बोर्ड कोण लागून गेलं?

उत्तर फार अवघड नाही. कोर्ट आणि बोर्ड एकाच घटनेकडे बघत असले तरी दोघांपुढचा प्रश्न वेगळा असतो. फौजदारी कोर्ट विचारतं की या माणसाने कायद्यात लिहिलेला अमुक गुन्हा केला का, आणि ते वाजवी शंकेला जागा न उरेल इतकं पक्कं सिद्ध झालं का. कारण तिथे माणसाला तुरुंगात टाकायचं असतं. बोर्ड विचारतं की आमच्याशी करार करताना जे नियम तुम्ही मान्य केले, ते मोडले का. तिथे दोन शक्यतांपैकी जास्त पटणारी कुठली, एवढं बघितलं तरी भागतं. जिमखान्याच्या कार्ड रूममध्ये पान लपवणाऱ्या सभासदाला कमिटी काढून टाकते, तेव्हा ती कोर्टाच्या निकालासाठी थांबत नाही, आणि पोलिसांनी गुन्हा नोंदवला नाही म्हणून त्याचं सभासदत्व आपोआप परतही येत नाही.

पुराव्याच्या या दोन मापांमध्ये किती अंतर असतं, हे अमेरिकेत ओ. जे. सिम्पसनच्या बाबतीत जगाने पाहिलं. हा तिथल्या फुटबॉलमधला मोठा खेळाडू. घटस्फोटित पत्नी आणि तिचा मित्र यांच्या खुनाच्या आरोपातून ऑक्टोबर १९९५ मध्ये ज्यूरीने त्याला सोडलं. मग मृतांच्या कुटुंबीयांनी दिवाणी दावा लावला आणि १९९७ मध्ये दुसऱ्या ज्यूरीने त्याच मृत्यूंसाठी त्याला जबाबदार धरून ३ कोटी ३५ लाख डॉलरची भरपाई लावली. मृत्यू तेच, माणूस तोच. कायद्याच्या दृष्टीने यात विसंगती काहीच नाही.

श्रीशांतच्या प्रकरणात मात्र नुसतं पुराव्याचं माप वेगळं होतं असं म्हणून सुटका नाही. तिथे कायद्यातच भोक आहे, आणि माझ्या मते या सगळ्या विषयातला सर्वात चिडचिड करणारा भाग हाच.

९ मे २०१३, मोहाली. दिल्ली पोलिसांच्या म्हणण्यानुसार श्रीशांतने एका षटकात १४ किंवा जास्त धावा द्यायचं ठरलं होतं, पैशांच्या बदल्यात. खूण काय, तर कमरेला टॉवेल खोचायचा. टॉवेल खोचला गेला, सट्टेवाल्यांना वेळ मिळावा म्हणून षटकाआधी अंग मोकळं करत थोडं रेंगाळणं झालं, आणि त्या षटकात धावा गेल्या १३. एक कमीच! आठवडाभरात, १६ मेला, श्रीशांत, अजित चंडिला आणि मुंबईचा अंकित चव्हाण असे राजस्थानचे तीन खेळाडू अटकेत होते.

आता पोलिसांपुढे पेच असा, की कलम कुठलं लावायचं? ‘मॅच फिक्स करणे’ नावाचा गुन्हा भारतीय दंड विधानात नव्हता आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही नाही. मग फसवणूक आणि फौजदारी कट ही कलमं आली, आणि वर लावला गेला चक्क आपला मोक्का. संघटित गुन्हेगारीसाठी महाराष्ट्राने १९९९ मध्ये केलेला हा कायदा दिल्लीतही लागू आहे. पण मोक्का टिकायचा तर खेळाडूचा गुन्हेगारी टोळीशी संबंध दाखवावा लागतो. जुलै २०१५ मध्ये दिल्लीच्या कोर्टाला खटला चालवण्यापुरताही पुरावा दिसला नाही, आणि श्रीशांतसह तिघेही आरोपमुक्त झाले. साक्षीपुरावे होऊन निर्दोष ठरणं वेगळं. इथे गाडी तिथवर पोचलीच नाही.

फसवणुकीचं कलम का अडकतं, हे समजून घेण्यासारखं आहे. तुम्हाला खोटं सांगून, त्या खोट्यापायी तुमच्याकडून पैसे किंवा वस्तू काढून घेतली, तर ती फसवणूक. आता मला सांगा, फिक्स झालेल्या मॅचमध्ये फसलं कोण? तुम्ही तिकीट काढलं ते स्वतःच्या हौसेने, गोलंदाजाने तुम्हाला काढायला लावलं नाही. कर्नाटक प्रीमियर लीगच्या प्रकरणात जानेवारी २०२२ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने जवळपास हेच म्हणून खेळाडूंवरचा खटला रद्द केला. हे वागणं अप्रामाणिक असेल, बेशिस्त असेल, आणि बोर्डाला कारवाईचा अधिकार आहे, पण कलम ४२० यात बसत नाही, असा त्या निकालाचा आशय. प्रेक्षक म्हणून तुमची फसगत झाली हे कोणीच नाकारत नाही. फक्त ती कायद्याच्या चौकटीत मावत नाही.

इंग्लंडमध्ये मात्र ती मावते. ऑगस्ट २०१० मध्ये लॉर्ड्सवर पाकिस्तानच्या मोहम्मद आसिफ आणि मोहम्मद आमिर यांनी आधी ठरवून दिलेल्या चेंडूंवर नो-बॉल टाकले. एजंटने दीड लाख पौंड घेतले होते, आणि देणारा वेष पालटून आलेला पत्रकार होता. मॅचच्या निकालावर त्या नो-बॉलचा फरक शून्य. तरीही नोव्हेंबर २०११ मध्ये लंडनच्या कोर्टाने कर्णधार सलमान बटला ३० महिने, आसिफला १२ महिने आणि आमिरला ६ महिने तुरुंगवास दिला. कारण तिथल्या २००५ च्या जुगार कायद्यात ‘जुगारात लबाडी करणे’ हा स्वतंत्र गुन्हा आहे. सट्टा तिथे कायदेशीर, त्यामुळे सट्टा लावणाऱ्याला फसवणं बेकायदेशीर. आपल्याकडे सट्टाच बेकायदेशीर, मग सट्टा लावणाऱ्याची बाजू कोण घेणार? २०१३ च्या प्रकरणानंतर केंद्राने खेळातल्या लबाडीविरुद्ध विधेयकाचा मसुदा केला, विधी आयोगाने २०१८ च्या अहवालात हा स्वतंत्र गुन्हा करा अशी शिफारस केली. कायदा मात्र झाला नाही.

बोर्डाच्या अधिकारालाही लगाम असतोच. श्रीशांतवरची आजन्म बंदी सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये बाजूला ठेवली. तो दोषी आहे हा बोर्डाचा निष्कर्ष कायम राहिला, फक्त शिक्षा किती ते पुन्हा ठरवा, असं सांगितलं. मग ती सात वर्षांवर आली आणि जानेवारी २०२१ मध्ये तो केरळकडून परत खेळलाही. अझरुद्दीनवर डिसेंबर २००० मध्ये घातलेली आजन्म बंदी तर आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये बेकायदेशीर ठरवली. तोवर त्याचं खेळायचं वय उलटून गेलं होतं.

सट्ट्याचं म्हणाल, तर तो आपल्या डोंगरावरही चढला आहे. मार्च २०२१, भारत-इंग्लंड एकदिवसीय सामना, गहुंजे. कोरोनामुळे स्टेडियम रिकामं. पण जवळच्या घोरावडेश्वराच्या डोंगरावर आणि एका उंच इमारतीत काही मंडळी दुर्बिणी आणि कॅमेरे रोखून बसली होती. टीव्हीवर चित्र काही सेकंद उशिरा पोचतं. डोंगरावरून चेंडूचं काय झालं ते थेट दिसतं, आणि तेवढ्या सेकंदांत फोनवर भाव फिरवता येतो. पिंपरी-चिंचवड पोलिसांनी तीसहून अधिक जणांना उचललं. अशांना लागतो तो जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ चा, व्हिक्टोरिया राणीच्या काळातला. गंमत अशी की हाच पैसा पावसाळ्यात कॅम्पातल्या रेसकोर्सवर रीतसर घोड्यावर लावला तर चालतं, कारण घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे असं सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच म्हटलं आहे.

गहुंजेचं आणखी एक प्रकरण इथे सांगायलाच हवं. ऑक्टोबर २०१७ मध्ये न्यूझीलंडविरुद्धच्या सामन्याच्या दिवशीच एका वाहिनीने छुप्या कॅमेऱ्याचं चित्रण दाखवलं. त्यात सट्टेवाले म्हणून आलेल्या पत्रकारांशी खेळपट्टीबद्दल बोलताना दिसले पांडुरंग साळगावकर, महाराष्ट्राचे एकेकाळचे तुफानी गोलंदाज आणि तेव्हाचे खेळपट्टीचे क्युरेटर. सामना ठरल्याप्रमाणे झाला. पुढे आयसीसीने त्यांना सहा महिने निलंबित केलं, पण ते खेळपट्टी बिघडवल्याबद्दल नव्हतं. आपल्याला गैर हेतूने गाठलं गेलं हे त्यांनी कळवलं नाही, हा ठपका होता. बाहेरच्या जगात कोणी तुम्हाला लाच देऊ केली आणि तुम्ही चहा पिऊन घरी आलात, तर सहसा कोणी काही म्हणत नाही. खेळाच्या नियमांत मात्र ते न सांगणं हीच चूक. नवोदित खेळाडूंच्या आईवडिलांनी एवढं एक कलम तरी पोरांकडून पाठ करून घ्यावं.

आता मारामारीकडे. कुस्तीत, बॉक्सिंगमध्ये, कबड्डीत एकमेकांना इजा होते. मग रोज हजारो गुन्हे का नोंदले जात नाहीत? कायद्याने याचा विचार १८६० मध्येच करून ठेवला आहे. जुन्या दंड विधानाच्या कलम ८७ मध्ये (आताच्या संहितेत ते २५) उदाहरणच दिलंय: दोघे जण मौजेसाठी तलवारबाजी खेळायला राजी झाले, आणि नियमाने खेळताना एकाला लागलं, तर गुन्हा नाही. सगळं वजन ‘नियमाने’वर आहे. पैलवान आखाड्यात उतरतो तेव्हा डाव आणि पकडीला संमती देतो, कोणी येऊन डोकं आपटावं याला नाही. स्कॉटलंडमध्ये डंकन फर्ग्युसन या फुटबॉलपटूने १९९४ मध्ये चालू सामन्यात प्रतिस्पर्ध्याला डोक्याने ठोसा दिला आणि १९९५ मध्ये तो तीन महिन्यांची शिक्षा होऊन खरोखरच तुरुंगात गेला. प्रेक्षकाला लाथ घालणाऱ्या एरिक कॅन्टोनाला त्याच वर्षी दोन्हीकडून फटका बसला. फुटबॉल संघटनेची अनेक महिन्यांची बंदी तर होतीच, शिवाय कोर्टाने दिलेला दोन आठवड्यांचा तुरुंगवास अपिलात बदलून १२० तासांची समाजसेवा झाली.

आपल्याकडचं ताजं उदाहरण फेब्रुवारी २०२५ चं, अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेतलं. गादी विभागाच्या अंतिम लढतीत मुळशीच्या पृथ्वीराज मोहोळने शिवराज राक्षेला चितपट केल्याचा निर्णय पंचांनी दिला. शिवराज दोनदा केसरी झालेला, राजगुरुनगरकडचा गडी. पाठ टेकलीच नाही, असं त्याचं म्हणणं. वाद पेटला, पंचांची कॉलर धरली गेली, त्यांना लाथ बसली, आणि कुस्तीगीर संघाने तीन वर्षांची बंदी जाहीर केली. पंचाचा निर्णय चूक की बरोबर यावर पुणे जिल्ह्यातल्या तालमींत आजही दोन तट पडतील. कायद्याला त्याचं सोयरसुतक नाही. पंच कसल्याच इजेला राजी नसतो. मग पोलीस लगेच का धावत नाहीत? कारण साधी दुखापत हा अदखलपात्र गुन्हा आहे. मॅजिस्ट्रेटच्या परवानगीशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही आणि मार खाणाऱ्यानेच पुढे यावं लागतं. एकाच क्षेत्रात उभी हयात काढायची असताना पुढे येतो कोण?

मैदानाबाहेर मात्र खेळाडू हा तुमच्याआमच्यासारखाच नागरिक. निदान कागदावर. नवज्योतसिंग सिद्धूचं प्रकरण घ्या. डिसेंबर १९८८ मध्ये पतियाळात रस्त्यावरच्या भांडणात ६५ वर्षांच्या गुरनाम सिंग यांना मारहाण झाली, त्यात ते गेले. १९९९ मध्ये सत्र न्यायालयाने सिद्धूला सोडलं. २००६ मध्ये उच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवधासाठी तीन वर्षं दिली. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते उतरवून नुसती मारहाण धरली आणि एक हजार रुपये दंड केला. एक हजार! मृताच्या कुटुंबाने पुनर्विलोकन मागितलं आणि मे २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने एक वर्षाची सक्तमजुरी दिली. त्या निकालातला एक विचार मला महत्त्वाचा वाटतो. मुष्टियोद्धा, पैलवान, क्रिकेटपटू किंवा असाच धडधाकट माणूस हात उगारतो, तेव्हा तो हात हेच शस्त्र ठरू शकतं, असं न्यायालयाने म्हटलं. म्हणजे खेळाडू असणं हे सवलतीचं कारण न राहता जबाबदारी वाढवणारं कारण झालं. तिथवर पोचायला ३३ वर्षं लागली, हेही खरं.

सुशील कुमारच्या बाबतीत तर जास्तच जपून बोलायला हवं. २००८ चं कांस्य, २०१२ चं रौप्य, कुस्तीत दोन ऑलिंपिक पदकं मिळवणारा पहिला भारतीय. मे २०२१ मध्ये दिल्लीच्या छत्रसाल स्टेडियमवर मारहाण झाली, तरुण पैलवान सागर धनखडचा मृत्यू झाला, आणि सुशीलला अटक झाली. ऑक्टोबर २०२२ मध्ये खुनासह इतर आरोप निश्चित झाले. मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने जामीन दिला, ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द करून शरण यायला सांगितलं. साक्षीदारांवर दबाव येण्याची भीती हा त्यातला कळीचा मुद्दा. यातलं काहीही निकाल नाही. आरोप निश्चित होणं म्हणजे खटला चालवण्याइतका मजकूर आहे, एवढंच. जामीन मिळाला म्हणजे सुटला नाही, रद्द झाला म्हणजे दोषी ठरला नाही. पण नोकरीचं गणित वेगळं असतं. अटकेनंतर काही दिवसांतच रेल्वेने त्याला निलंबित केलं, त्यासाठी दोषसिद्धी लागत नाही.

याच सुशीलशी २०१६ च्या रिओ ऑलिंपिकच्या जागेवरून ज्याचा वाद कोर्टात गेला, तो आपला नरसिंग यादव, तीन वेळा महाराष्ट्र केसरी. त्याच्या नमुन्यात स्टेरॉइड सापडलं. कोणीतरी खाण्यापिण्यात मिसळलं, असं त्याचं म्हणणं ‘नाडा’ने, म्हणजे देशातल्या उत्तेजकविरोधी संस्थेने, मान्य केलं आणि तो रिओला पोचला. कुस्तीच्या आदल्या दिवशी, १८ ऑगस्टला, क्रीडा लवादाने चार वर्षांची बंदी घातली. उत्तेजकांच्या नियमांत उलटी गंगा वाहते. द्रव्य तुमच्या अंगात सापडलं की तुम्ही जबाबदार, आणि ते कसं आलं हे पटवून देणं तुमचं काम. फौजदारी कोर्टात असा नियम लावला तर हाहाकार माजेल. पण उत्तेजक घेणं हा आपल्याकडे फौजदारी गुन्हा नाहीच. २०२२ च्या उत्तेजकविरोधी कायद्यातही खेळाडूला तुरुंग नाही, बंदी आणि पदकांवर पाणी आहे. अमेरिकेची धावपटू मॅरियन जोन्स २००८ मध्ये सहा महिने तुरुंगात गेली, ती उत्तेजकांपायी नव्हे. केंद्रीय तपास अधिकाऱ्यांशी ती खोटं बोलली होती.

‘पदक काढून घ्या’ ही मागणी दर वेळी होते, तीही याच हिशेबाने बघावी लागते. जोन्सची सिडनीची पाच पदकं गेली, सायकलपटू आर्मस्ट्राँगची टूर द फ्रान्सची सात जेतेपदं गेली, कारण ती मिळवतानाच लबाडी झाली होती. नंतर केलेल्या गुन्ह्याने आधीचा विजय पुसला जात नाही. उद्या सुशील दोषी ठरला तरी त्याची पदकं त्याच कारणाने काढली जाणार नाहीत. सिम्पसन पुढे २००८ मध्ये सशस्त्र लुटीत दोषी ठरला, नऊ वर्षं तुरुंगात राहिला, २०२४ मध्ये वारला, पण अमेरिकन फुटबॉलच्या मानकऱ्यांच्या दालनातून त्याचं नाव कधीच निघालं नाही. बेसबॉलमधला पीट रोझ, सर्वाधिक हिट्सचा विक्रमवीर, त्याने आपल्याच संघाच्या सामन्यांवर पैजा लावल्या म्हणून १९८९ मध्ये आजन्म बाहेर गेला आणि हयातभर त्याच्या खेळाच्या दालनाचं दार त्याला बंद राहिलं. तोही २०२४ मध्येच वारला. अपात्रांच्या यादीतून बेसबॉलने त्याचं नाव काढलं ते पुढच्या वर्षी, मे महिन्यात.